दयेतील पक्षपात

(नागपूर येथे वकील व कायद्याचे विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा, वाचकांसाठी लिहून काढलेला मजकूर)



कोणीही आपल्याच खटल्यात न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व कायद्याच्या विद्यार्थ्याला अगदी आरंभीच शिकविले जाते. न्यायाधीश कितीही सज्जन असो. ज्या वादात त्याचा हितसंबंध गुंतला आहे तो वाद त्याने ऐकू नये. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने क्रैपक प्रकरणात हे तत्त्व फार स्पष्ट केले. काश्मीरच्या वन खात्यातील एक अधिकारी निवड मंडळावर सभासद म्हणून बसला होता आणि तो स्वतःच त्या जागेचा उमेदवारही होता. त्याच्या नावाचा विचार चालला असता तो बाजूस झाला होता. तरीही न्यायालयाने ती निवड रद्द केली. माणूस काही वेळ बाजूस झाला म्हणून त्याच्या मनाची ओढ बाजूस होत नाही, हे न्यायालयाने ओळखले.

हेच तत्त्व आज मी अशा एका वादाला लावून पाहणार आहे की ज्यात फिर्यादीला वाचा नाही आणि आरोपीच न्यायासनावर बसलेला आहे. तो वाद म्हणजे मनुष्याने पाळलेल्या आणि पोसलेल्या जनावरांविषयी मनुष्याला वाटणारी दया. ही दया कोणाच्या वाट्याला येते, कोणाच्या येत नाही, आणि का येत नाही, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

या विषयाचे नाव काढताच आपल्या समाजाच्या कपाळावर आठी पडते, हे मी जाणतो. आणि ती आठी सकारण आहे. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर आपल्या वाडवडिलांना जावे लागले, ते ज्या पाण्यावर गुरांना मज्जाव नव्हता त्या पाण्यावर माणसाला होता म्हणून. २००२ च्या ऑक्टोबरात हरियाणातील दुलीना येथे गाय मारल्याच्या संशयावरून पाच दलितांना जमावाने ठार केले. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या आपल्या बांधवांना उघड्यावर मारहाण झाली. जनावराची दया म्हणजे आपल्या पाठीवरचा वळ, असे समीकरण अशा अनुभवांतून बनले आहे. तेव्हा कोणी विचारील की, माणसाला अजून न्याय मिळाला नाही, आणि वकीलसाहेब कोंबड्या-म्हशींची वकिली कशाला करतात?

याचे उत्तर मी देणार आहे. परंतु प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. मी कोणत्याही मनुष्याची तुलना जनावराशी करीत नाही. मी तपासतो आहे ते पाहणाऱ्याचे मन. समोरच्याचे दुःख पाहण्यापूर्वीच त्याची पायरी ठरविणारे मन आपण पिढ्यान् पिढ्या भोगले आहे. म्हणून त्याची चाल ओळखण्याचा अधिकार आपल्याला इतरांपेक्षा अधिक आहे.

कायद्याने पक्षपाताचे जे प्रकार मानले आहेत त्यांतील पहिला आर्थिक हितसंबंधाचा. लाभ ज्याचा, त्याचा निवाडा संशयास्पद. जनावरांच्या बाबतीत हा पक्षपात मनात कसा काम करतो याचे प्रयोग मानसशास्त्रज्ञांनी केले आहेत. २०१० साली लॉघनन, हॅस्लम आणि बास्टियन या अभ्यासकांनी काही लोकांना सुकविलेले गोमांस आणि काहींना सुकामेवा खावयास दिला, आणि नंतर जनावरांविषयी प्रश्न विचारले. नुकतेच मांस खाल्लेल्या लोकांनी जनावरांविषयीच्या नैतिक कर्तव्याचे वर्तुळ लहान केले, आणि गाईची नैतिक योग्यताही कमी लेखली. गाय तीच होती. बदलले होते ते उत्तर देणाऱ्याच्या पोटात काय आहे, एवढेच.

दुसरा प्रयोग २०११ चा. पापुआ न्यू गिनीमधील, झाडावर राहणाऱ्या एका प्रकारच्या कांगारूची माहिती लोकांना देण्यात आली. काहींना सांगितले की तिकडे हा प्राणी खातात. काहींना ते सांगितले नाही. ज्यांना तो खाद्य म्हणून सांगितला गेला, त्यांना त्या प्राण्याची वेदना सोसण्याची शक्ती कमी वाटली. त्यांनी स्वतः तो प्राणी कधी खाल्ला नव्हता. नुसते 'खाण्याचे जनावर' हे नाव पडले आणि त्याची वेदना पाहणाऱ्याच्या मनात कमी झाली. नाव पडले की योग्यता ठरते, हा क्रम आपल्याला परका आहे काय? वास्तविक क्रम याच्या उलट हवा. आधी पुरावा, मग निवाडा. येथे निवाडा आधी होतो आणि त्याला शोभेल असा पुरावा मन मागाहून तयार करते.

दुसरा प्रकार वैयक्तिक जवळिकीचा. न्यायाधीशाचा आप्त समोर असला की तराजू हलतो. आपल्या नागपूरचेच उदाहरण घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाडा येथील केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मरण पावले. जानेवारी २०२५ मध्ये भोपाळच्या प्रयोगशाळेच्या अहवालावरून समजले की त्यांना बर्ड फ्ल्यू झाला होता. खाऊ घातलेल्या कोंबडीच्या मांसातून तो आला असावा, असा संशय व्यक्त झाला. ही बातमी देशभर पसरली, आणि ते योग्यच झाले. परंतु त्याच २०२४ सालात याच नागपुरातील शासकीय अंडी उबवणी केंद्रात हाच रोग शिरला होता, आणि तेथील हजारो कोंबड्या नष्ट करण्यात आल्या. त्या बातमीत आपण काय वाचले? अंडी खावी की नाही, भाव उतरेल की चढेल, माणसाला धोका किती. २००६ च्या फेब्रुवारीत देशातील या रोगाचा पहिला उद्रेक आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. तेव्हा लाखो पक्षी मारून पुरले गेले. व्यापाऱ्यांच्या नुकसानीचा हिशेब झाला. पक्ष्यांच्या मरणाचा हिशेब कोणी मागितला नाही.

रोग थांबविण्यासाठी पक्षी मारावे लागतात, याविषयी माझी तक्रार नाही. माझा प्रश्न असा की, एकाच विषाणूने चार प्राणी मेले तर आपण हळहळतो आणि लाखो मेले तर भाव विचारतो, हे कसे? वाघ देखणा आहे, दुर्मिळ आहे, आणि त्याला आपण नावाने ओळखतो. कोंबडीला नाव नाही. तिला वजन आहे.

येथे तिसरा एक पक्षपात येऊन मिळतो. त्याला कायद्यात स्वतंत्र नाव नाही, मानसशास्त्रात आहे. संख्या वाढली की भावना बधिर होते. २००७ साली स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक यांनी दाखविले की, उपासमारीत सापडलेल्या एका मुलीची हकिगत सांगितली तर लोक अधिक देणगी देतात. लक्षावधींची आकडेवारी सांगितली तर कमी देतात. एवढेच नव्हे, तर मुलीच्या हकिगतीस आकडेवारीची जोड दिली तरी देणगी घटते. माणसाच्या मुलांविषयी जर ही स्थिती, तर पक्ष्यांची काय कथा? २०१९ च्या पशुगणनेत आपल्या देशात गाय-बैल सुमारे १९ कोटी, म्हशी-रेडे सुमारे ११ कोटी, आणि कोंबड्या व तत्सम पक्षी सुमारे ८५ कोटी होते. आपल्या राजकारणात, सभांत आणि न्यायालयांत यांपैकी कोणाचे नाव किती वेळा घेतले जाते हे आठवा. ज्यांची संख्या सर्वांत मोठी, त्यांच्या वाट्याला सर्वांत कमी शब्द आले आहेत.

मनातील हा पक्षपात मनातच राहिला असता तर तो नीतिशास्त्राचा विषय झाला असता. परंतु तो कायद्यात उतरला आहे, आणि म्हणून तो आपणा वकिलांचा विषय आहे.

१९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गाईच्या हत्येस बंदी केली. विधिमंडळाने १९९५ साली संमत केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ मध्ये अमलात आली, आणि बंदी बैल व वळू यांनाही लागू झाली. म्हैस मात्र प्रमाणपत्र मिळाल्यास कापता येते. गाय आणि म्हैस एकाच गोठ्यात उभ्या असतात, एकाच घमेल्यातून खातात. मुंबईपासून नागपूरपर्यंत आपल्या चहात म्हशीचे दूध पडते. सुरी लागली असता म्हशीला गाईपेक्षा कमी दुखते, असे कोणत्याही पशुवैद्याने सांगितलेले नाही. तेव्हा हा भेद वेदनेवर उभारलेला नाही, हे उघड आहे. तो पायरीवर उभारलेला आहे.

या पायरीची किंमत माणसाला कशी द्यावी लागते तेही पाहा. या कायद्यात आरोपीनेच आपले निर्दोषत्व सिद्ध करावे असे कलम घालण्यात आले होते, आणि परराज्यात कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचे मांस घरात बाळगणे हाही गुन्हा ठरविला होता. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही दोन्ही कलमे रद्द केली. बैलांच्या हत्येवरील बंदी मात्र कायम ठेवली. म्हातारा बैल विकता येत नाही, पोसणे परवडत नाही, आणि तो रस्त्यावर सुटतो. पोळ्याच्या दिवशी ज्याच्या शिंगांना बेगड लावले, त्याच्या शेवटच्या वर्षांची वैरण कोणी घालावयाची, याचे उत्तर बंदी देत नाही. जनावराची पूजा आणि जनावराची काळजी या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुधाळ म्हशीचे नर रेडकू दुधाला तोटा नको म्हणून उपाशी ठेवून मरू दिले जाते, ते याच पूजक समाजात. त्यासाठी कोठे जमाव जमल्याचे ऐकले नाही.

आता कोंबडीकडे वळू. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा सांगतो की, ज्या पिंजऱ्यात प्राण्याला वाजवी हालचाल करता येत नाही, त्यात त्याला कोंडणे हा अपराध आहे. कायद्याने पहिल्या अपराधास ठेवलेला दंड १० ते ५० रुपये. अंड्यांसाठी तारेच्या पिंजऱ्यात ठेवलेल्या कोंबडीला मिळणारी जागा न्यायालयात आपण ज्या कागदावर अर्ज टंकलिखित करतो त्या ए-फोर कागदाहूनही साधारणतः लहान असते. त्या कागदाएवढ्या जागेत तिला पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही, अंडे घालण्यासाठी आडोसा शोधता येत नाही. वर्षाहून अधिक काळ ती तेथे उभी असते. अंड्यांच्या जातीतील नर पिल्ले तर उपयोगाची नाहीत म्हणून जन्माच्या पहिल्याच दिवशी नष्ट केली जातात. आणि मांसाची कोंबडी सुमारे सहा आठवड्यांत कापली जाते.

शंकरपटाच्या बैलाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ७ मे २०१४ रोजी नागराज प्रकरणात न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या आणि प्राण्यांना भूक, भय, वेदना यांपासून मुक्ततेचा अधिकार मान्य केला. पुढे राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती वैध ठरविली. निकाल कोणता लागला हा भाग वेगळा. बैलाला निदान पाच न्यायमूर्तींचे कान मिळाले. कोंबडीच्या पिंजऱ्याचा प्रश्न विधी आयोगाने जुलै २०१७ च्या आपल्या २६९ व्या अहवालात मांडला. तो अहवाल आपल्यापैकी किती वकिलांनी उघडून पाहिला आहे?

संविधानातही हे दोन विचार शेजारी शेजारी उभे आहेत. अनुच्छेद ४८ गाई, वासरे, दुभती व ओढकामाची गुरे यांच्याविषयी बोलतो, आणि शेती व पशुपालन यांच्या सुधारणेच्या संदर्भात बोलतो. तो उपयुक्ततेचा विचार आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेला अनुच्छेद ५१-क (छ) मात्र प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगतो की, सजीव प्राण्यांविषयी करुणा बाळगावी. त्यात गाय नाही, म्हैस नाही, कोंबडी नाही, पायरीच नाही. पहिल्याच्या नावाने किती गर्जना होतात आणि दुसऱ्याच्या नावाने किती थोडा अभ्यास होतो, हे आपण पाहतोच.

कोणी म्हणेल, हे पाश्चात्त्यांचे नवे खूळ आहे. ज्याला ते 'प्रजातिभेद' म्हणतात तो शब्द रिचर्ड रायडर यांनी १९७० साली बनविला, हे खरे. परंतु विचार आपल्या मातीतला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथे सापडलेला शिलालेख नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. महामहोपाध्याय मिराशींनी तो वाचला. प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी ती अशोककालीन आज्ञा आहे. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात तर पोपट, हंस, वटवाघूळ, मुंगी यांच्याबरोबर गाभण व दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या आणि डुकरिणी यांनाही संरक्षण आहे. कोंबड्याला खच्ची करू नये, असाही आदेश त्यात आहे. डुकरीण आणि कोंबडा! दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या राजशासनात ज्यांना जागा होती, त्यांना आजच्या दयाळू माणसाच्या मनात नाही. अर्थात तेथेही चतुष्पादांविषयी बोलताना जे उपयोगाचे नाहीत आणि खाल्ले जात नाहीत त्यांनाच सरसकट अभय मिळाले आहे. खाणाऱ्याचा पक्षपात किती जुना आहे, याचा तो पुरावाच म्हणावा लागेल. पण त्या राजाने आपल्या मुदपाकखान्यातील हत्या किती होती आणि ती किती कमी केली, हे स्वतःच्या पहिल्या शिलालेखात जाहीर केले. आपल्याच खटल्यात आपल्याविरुद्ध पुरावा देण्याचे धैर्य त्याने दाखविले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नगरीत लक्षावधी लोकांनी ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांतील तेरावी प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे. ती उच्चारताना बाबासाहेबांनी कोणत्याही एका जनावराचे नाव घेतले नाही. आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी हिंसेची गरज आणि हिंसेची इच्छा यांत भेद केला, व अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे प्रतिपादिले. हा भेद आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. गरिबाच्या ताटातले अंडे हा माझ्या टीकेचा विषय नाही. शाळेतील मुलाच्या अंड्याला जे विरोध करतात त्यांचा विरोध बहुधा सोवळ्याचा असतो. कोंबडीचा पिंजरा त्यांना दिसलेला नसतो. ताटातल्या अन्नाला गरज म्हणता येईल. पण पंख पसरता न येणारा पिंजरा, सायकलीला उलट्या टांगून नेलेल्या कोंबड्या, उपाशी मारलेले रेडकू, ट्रकमध्ये एकावर एक कोंबलेल्या म्हशी, यांना गरज म्हणता येणार नाही. ते केवळ न पाहण्याच्या सवयीतून घडते.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर. माणसाला न्याय मिळाला नाही असे असताना जनावराची वकिली कशाला? कारण ज्या दयेने आपल्याला मारले ती दया नव्हतीच. तो पक्षपात होता. गाईवर दया आणि माणसावर काठी, हे ज्या मनाला जमते, त्याच मनाला गाईची पूजा आणि म्हशीच्या रेडकाची उपासमार हेही जमते. त्या पक्षपाताला उत्तर म्हणून आपण दयाच टाकून दिली, तर पायऱ्या मांडणाऱ्याचा विजय होईल. त्याला उत्तर एकच आहे: दयेला एकच माप लावा. दुखते काय? किती दुखते? ते टाळता येते काय? जात, नाव, देवत्व, देखणेपणा, भाव, यांपैकी काहीही मोजू नका. हे माप ज्या दिवशी समाज खरोखर लावील, त्या दिवशी गाईसाठी माणसावर काठी उचलणाऱ्याचा आधारच नाहीसा होईल, कारण माणसालाही दुखते.

म्हणून वकील बंधूंना माझी विनंती आहे की, १९६० च्या कायद्यातील अकरावे कलम आणि विधी आयोगाचा २६९ वा अहवाल त्यांनी वाचावा. आणि गोवंशाच्या खटल्यात गरीब खाटकाच्या, ढोराच्या, शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहताना, त्याच तोंडाने कोंबडीच्या पिंजऱ्याविरुद्धही बोलावे. या दोन भूमिकांत विरोध नाही. ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जे बसतात त्यांनी आपल्या हद्दीतील कत्तलखाना आणि बाजारातील जनावरांची वाहतूक एकदा स्वतः जाऊन पाहावी. आणि वाचकहो, आपण सर्वांनी एवढे करावे की, कोणत्या जनावराचे दुःख आपल्याला दुःख वाटत नाही, त्याची एकदा प्रामाणिकपणे यादी करावी. त्या यादीतील प्रत्येक नावासमोर आपला हितसंबंध कोणता, तेही लिहावे. न्यायाधीशाने आसनावर बसण्यापूर्वी आपला संबंध उघड करावयाचा असतो. तेवढे करूनच आपण या खटल्यास आरंभ करू.

जय भीम.